डावं-उजवं

१४ ऑक्टोबर

दोन हूक दिसले. कोणाला सांगितलं नाही.

१५ ऑक्टोबर

काल तेवढंच लिहवलं. आज नीट लिहिते, नाहीतर डोक्यात भुंगा राहील.

नवीन वर्षापासून क्रेनच्या केबिनना कुलूप. आम्ही चौघं क्रेनवाले कँटीनच्या वरच्या मजल्यावर खुर्चीत बसणार, डोळ्यांवर ते यंत्र बांधणार आणि तिथून क्रेन चालवणार. क्रेनच्या दांड्यावर दोन कॅमेरे बसवलेत, एकमेकांना चिकटून. ते बघणार, आम्हाला दाखवणार. थंडी नाही, वारा नाही, शिडी चढणं नाही — रिस्तो फोरमन असा सांगत होता, जणू काही स्वतःच्या खिशातून देतोय. मी कधी म्हटलं होतं की मला शिडी नको? ती शिडी आणि वरचा तो काचेचा डबा, एवढंच तर माझं आहे. तिथे वर कोणी येऊन डोकं खात नाही.

त्या यंत्राला सगळे हेडसेट म्हणतात. मी झापड म्हणते. बाबांच्या घोड्याला होती. जंगलातून ओंडके ओढताना इकडेतिकडे बघून बुजू नये म्हणून. फरक इतकाच, की घोड्याला निदान समोरचं तरी खरं दिसायचं.

सराव खोट्या बंदरात होतो. संगणकाने काढलेलं बंदर. तिथे कायम जून महिना! बर्फाचा चिखल नाही, सीगलची घाण नाही, कोणी शिव्या देत नाही. फळ्यांचे गठ्ठे रचून ठेवलेले, मध्ये नारिंगी जाकीट घातलेला एक पुतळा — तो आमचा खालचा माणूस, इशारे देणारा. आणि वर हूक. दोन! एक ठळक, एक फिकट, जरा वर आणि जरा बाजूला. कुठला धरायचा? एक धरला. तो नेमका खोटा निघाला. खरा हूक झोका घेऊन पुतळ्याला लागला. पडदा लाल झाला.

आमच्या चौघांतला काउको मागे उभाच होता. "तुइयाने आर्वोला मारलं! फुलं कोण आणतंय?"

आर्वो म्हणजे आमचा खरा खालचा माणूस. माझा हूक तोच लावतो, तोच सोडवतो. आज सकाळी मला म्हणाला, "मेलोय असं ऐकलं. मग आजचा पगार कोणाच्या नावावर?"

हसले.

१६ ऑक्टोबर

ओकले. गुरुवारचं वाटाण्याचं सूप, आणि तेही सगळं. झापड काढून बादलीपर्यंत पोचले एवढंच नशीब.

शिकवायला आलेल्या बाईचं नाव सान्नी. तिशीची असेल. मला 'तुम्ही' म्हणते! या बंदरात मालकालाही कोणी तुम्ही म्हणत नाही. म्हटलं, "तू म्हण, नाहीतर मला वाटतं मागे कोणीतरी उभं आहे."

तिने पाणी दिलं. म्हणाली, ओकारी म्हणजे तुझं चुकलं असं नाही. तुझं डोकं वळलं की यंत्राला ते कळतं, आणि ते लगेच चित्र वळवतं. डोळ्याची पापणी लवायच्या आत पुष्कळदा नवीन चित्र काढतं. जरा उशीर झाला की डोळे म्हणतात आपण हललो, कान म्हणतात नाही हललो. मग पोटाला वाटतं, विष खाल्लंय. ते बाहेर टाकतं.

कान कशाला काही म्हणतील, मला समजेना. पण पोटाचं पटलं. माझं पोट लग्नातही असंच सांगत होतं, मी ऐकलं नाही.

१७ ऑक्टोबर

आज तिला विचारलं, ही झापड चालते तरी कशी. आडून आडून विचारलं. दोन हुकांचं नाव काढलं नाही.

तिने ती उलटी करून दाखवली. आत दोन भिंगं, दोन्हीमागे एकेक छोटा पडदा. नाकाएवढ्या जवळ. एवढं जवळचं कोणालाच दिसत नाही, म्हणून भिंगं — भिंगामुळे डोळ्याला वाटतं की पडदा लांब आहे. आणि दोन्ही पडद्यांवरची चित्रं सारखी नसतात! डावं किंचित वेगळं, उजवं किंचित वेगळं. आपले दोन डोळे दोन जागी आहेत, तेवढाच फरक.

"बोट नाकासमोर धर. एक डोळा मीट. आता दुसरा. बोट उडी मारतं ना? त्या उडीवरूनच मेंदू ओळखतो काय जवळ, काय लांब. दोन सपाट चित्रांची तो एक करतो, आणि त्याला खोली येते. आम्ही फक्त त्याला फसवतो."

फसवतो म्हणाली. निदान खरं बोलली.

मग झापड चढवून विचारलं, "खोली दिसते का?"

"दिसते की. चार भिंती आहेत, खिडकी आहे."

ती इतकी हसली! म्हणाली, ती खोली नाही, खोल असण्याची खोली. कुठली वस्तू पुढे आलेली वाटते, कुठली मागे?

मी म्हटलं, "मोठं ते पुढे, लहान ते मागे. त्यात काय विचारायचंय?"

तिने वहीत काहीतरी टिपलं. मला तिचं ते टिपणं आवडलं नाही.

२० ऑक्टोबर

काउको पास. पहिल्या फटक्यात. "डोळ्यांत येतो गं हूक! मी तर मान मागे घेतली." मान मागे घेतली म्हणे. सपाट चित्राला घाबरून? चाळीस वर्षं बंदरात काढलेला बाप्या!

बाकीचे दोघेही पास. राहिले मी.

२३ ऑक्टोबर

सापडलं! डावा डोळा मिटला की एकच हूक राहतो.

सबंध वेळ डावा मिटून बसले. सहा गठ्ठे बिनचूक ठेवले, पुतळा जिवंत. पण गाल असा दुखतोय, जणू दातच काढलाय. एवढा वेळ मिटून नाही राहता येत, फडफडतो. उद्या काळी चिकटपट्टी नेते. डाव्या भिंगावर आतून एक तुकडा लावला की झालं. कोणाला दिसणार आहे? झापडीच्या आत डोकं माझं एकटीचं.

२४ ऑक्टोबर

पकडले गेले.

पट्टी लावून बसले, अर्धी परीक्षा झाली, सान्नी म्हणाली, "तुइया, डावा डोळा सापडत नाहीये."

"कोणाला सापडत नाहीये?"

"यंत्राला."

आत बारीक दिवे आणि कॅमेरे आहेत. ते डोळ्याकडे बघत असतात, कायम. आपण जिथे बघू तिथलंच चित्र यंत्र स्पष्ट काढतं, बाकीचं उगाच अंधुक ठेवतं, म्हणजे त्याला काम कमी. ही कंजुषी! पण म्हणजे मी त्यात बघतेय असं मला वाटत होतं, आणि ते माझ्यात बघत होतं. पहिल्या दिवसापासून. माझा डावा डोळा कुठे भरकटतो ते त्याला तेव्हाच कळलेलं.

रिस्तोला बोलावलं. त्याने ती पट्टी भिंगावरून सोलली. नखाने, हळूहळू, जणू जखमेवरची. ओरडला असता तर बरं झालं असतं.

डॉक्टरकडे पाठवतायत.

२८ ऑक्टोबर

कंपनीची डॉक्टर. सुई टोचल्यासारखं बोलते, पण खोटं नाही.

एक पुस्तक समोर धरलं, त्यात माशीचं मोठं चित्र. एक काळपट चष्मा घालायला दिला. "माशीचे पंख चिमटीत धरा." मी कागदावर बोट ठेवलं. आणखी कुठे ठेवणार? ती म्हणाली, बहुतेक लोक कागदाच्या वर, हवेत चिमटी धरतात. कित्येकांना तर किळस येते.

मला नाही आली किळस. माशीच ती, छापलेली.

मग सांगितलं. लहानपणी डावा डोळा किंचित तिरका झाला असणार. कळेल न कळेल इतकाच. दोन चित्रं जुळेनात, म्हणून मेंदूने डावं चित्र झोपवलं. डोळा चांगला आहे, नुसताच उघडा आहे, बघत नाही. खरी खोली तुम्ही कधी पाहिलेलीच नाही.

"मी सत्तावीस वर्षं क्रेन चालवतेय. एकालाही धक्का लागलेला नाही."

"सावलीवरून चालवली असेल. डोकं पुढेमागे करून. सवयीने. केबिनसाठी एक डोळा पुरतो, तिथे तुम्ही डिसेंबरअखेरपर्यंत काम करू शकता. पण हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्याला वेगळा पडदा, तोही भगभगीत. तिथे मेंदूला डावं चित्र दाबता येत नाही. म्हणून दोन दिसतात."

मग निघताना दारात थांबवलं. म्हणाली, "हा डोळा जागा करायच्या भानगडीत पडू नका. तुमच्या वयात तो जागा झाला, तर पुन्हा झोपेलच असं नाही."

मी मान हलवली. माझं लक्ष त्या माशीकडे होतं. म्हणजे सगळ्या जगाला ती उठून दिसते. काउकोलासुद्धा!

१ नोव्हेंबर

कबरस्तानात बाबांसाठी दिवा लावून आईकडे गेले. आई एक्क्याऐंशीची. कान गेले, जीभ शाबूत.

कॉफी ओतता ओतता विचारलं. "आई, माझ्या डाव्या डोळ्याला काय झालं होतं?"

"काय व्हायचंय? आहे की जागेवर."

"आई."

वेलचीचा पाव बुडवत बसली. मग म्हणाली, "पट्टी दिली होती नर्सने. गुलाबी. चांगल्या डोळ्यावर लावायची, म्हणजे वाईट डोळा कामाला लागतो म्हणे."

"मग?"

"जाळली."

"कुठे जाळली?"

"सॉनाच्या चुलीत. आणखी कुठे? उजवा झाकला की तू ठार आंधळी. आठवडाभर नुसती रडत होतीस, दाराला धडकायचीस. एक दिवस धक्क्यावरून सरळ तळ्यात चालत गेलीस. चालत! बाबांनी केसाला धरून काढली. ते म्हणाले, एकाने दिसतंय ना, पुरे झालं, पोरीला कुठे विमान चालवायचंय."

"मी क्रेन चालवते, आई."

"तेव्हा कुठे सांगितलं होतंस?"

पाच वर्षांची होते मी! पाच! तेव्हा सांगायला हवं होतं म्हणे.

लेकरांत डावं-उजवं करू नये, असं हीच म्हणायची. आम्हा भावंडांना बटाटेसुद्धा मोजून वाढायची. आणि माझ्या डोळ्यांत केलं की! उजव्याला पोसलं, डाव्याला उपाशी ठेवलं. एका आठवड्याचा रडगोंधळ नको म्हणून माझं अर्धं जग चुलीत घातलं.

निघताना म्हणाली, "तळ्यात बुडाली असतीस तर चाललं असतं का?"

कॉफी अर्धी ठेवून उठले. आमच्यात हे शिवी देण्यासारखं आहे, तिला कळलं असेल.

४ नोव्हेंबर

रिस्तो. "दुसरी परीक्षा चार डिसेंबरला. पास झालीस तर वरची खोली. नाहीतर जानेवारीपासून गोदाम नंबर तीन, झाडू आणि पाण्याचा पाइप. हे माझ्या हातात नाही, तुइया."

त्याच्या हातात कॉफीचा मग होता. तो त्याने सोडला नाही.

झाडूला कमी लेखत नाही. माझी मावशी झाडूवर जगली. पण गोदामात उभं राहून वर काउकोच्या हुकाकडे बघायचं? माझ्या क्रेनच्या हुकाकडे! एक तरी माणूस म्हणाला का की हिला केबिनमध्येच राहू द्या? एकही नाही. केबिनला कुलूप लावायचं ठरलंय, मग तिथे कोण बसलंय ते कोण बघतो.

७ नोव्हेंबर

सान्नी स्वतःहून आली. कँटीनमध्ये माझ्यासमोर ताट ठेवलं आणि म्हणाली, "एक करून बघू या? उजव्या डोळ्याचं चित्र मंद करते. डाव्याचं भगभगीत. आणि डावं चित्र जरा सरकवते — तुझा डोळा जिकडे बघतो तिकडेच नेऊन ठेवते. मग कदाचित दोन्ही जुळतील. मी कुठेतरी वाचलंय."

"वाचलंयस की केलंयस?"

"वाचलंय." निदान खोटं नाही बोलली. "डॉक्टर काही म्हणाली का त्याबद्दल?"

"नाही," मी म्हटलं.

१० नोव्हेंबर

परीक्षेपर्यंत केबिनची पाळी नाही. नुसता सराव. माझ्या क्रेनवर तात्पुरता काउको. शिडी चढताना धापा टाकत होता, ते बघून बरं वाटलं.

१४ नोव्हेंबर

डोकं ठणकतंय. उजव्यासमोर धुकं, डाव्यासमोर भर दुपार. डाव्याला कशाची सवयच नाही, अक्षरं त्याच्यासमोर किड्यांसारखी वळवळतात. अर्धा तास झाला की डोळ्यातून पाणी. सान्नी म्हणते थांबू या. मी म्हणते, चालू ठेव.

आई काय म्हणाली होती? एका आठवड्याचं रडणं. एक आठवडा झाला, मी रडले नाही. डोळ्यातून पाणी येतं, ते वेगळं.

१९ नोव्हेंबर

दोन हूक जवळ आलेत. मध्ये हाताचं अंतर राहिलंय. फिकट होता तो आता फिकट नाही.

आर्वोने विचारलं, "त्या झापडीत माझ्यासारखा कोणी आहे म्हणे. दिसायला बरा आहे का?"

"तुझ्यापेक्षा बरा. बोलत नाही."

"मग त्याच्याशी लग्न कर."

"केलं असतं. पण दोन दिसतात, कोणाशी करू?"

तो हसला. मग हसायचा थांबला. "दोन दिसतात म्हणजे?"

"चेष्टा केली रे," म्हटलं.

२६ नोव्हेंबर

कसं लिहू.

हूक वर होता. दोन होते. मी श्वास सोडला, आणि ते एकमेकांवर बसले — खट्. एक झाला. आणि मग तो *आला*. माझ्याकडे! पडद्यावरून सुटून, मधल्या हवेतून. मागे दोर, दोराच्या मागे दांडा, दांड्याच्या मागे पाणी, आणि प्रत्येकाच्या मध्ये रिकामी जागा. ती जागा दिसत होती. जागा! काही नसलेलं दिसत होतं. मी ओरडले आणि खाली वाकले. खुर्चीवरून पडलेच.

सान्नी धावली. "काय झालं?"

"मान मागे घेतली," मी म्हटलं.

तीही तिथेच फरशीवर बसली. माझ्या पाठीवर हात ठेवला. मला असं कोणी हात लावलेलं आवडत नाही. आज चाललं.

झापड काढली. टेबल, दिवा, सान्नी — सगळं कागदावर छापल्यासारखं. खिडकीबाहेर खरं बंदर, तेही भिंतीवर चिकटवल्यासारखं. चौपन्न वर्षं हेच बघत आले आणि याला जग म्हणत आले. जे खरं आहे ते मला फक्त खोट्यात दिसतं. ही काय थट्टा!

घरी येऊन आईला फोन लावायला घेतला. ठेवून दिला. काय सांगणार? तू काय जाळलंस ते आज पाहिलं?

२७ नोव्हेंबर

पुन्हा दिसलं. लगेच. शोधावंही लागलं नाही.

१ डिसेंबर

आता उजवं-डावं दोन्हीकडे सारखाच उजेड ठेवते सान्नी. तरी जुळतात. "तुझा डोळा शिकला," म्हणते. शिकायला माझ्यासारखाच उशिरा बसला. पण शाळेत मी टिकले नाही, हा टिकला.

४ डिसेंबर

पास.

सगळे गठ्ठे जागेवर, पुतळा सुखरूप. वेळही काउकोपेक्षा कमी. रिस्तोने हात मिळवला — या वेळी कॉफीचा मग नव्हता हातात! काउको म्हणाला, "यंत्राने फुकट वाढवून दिलं हिला." मी म्हटलं, "तुला जन्मतःच फुकट मिळालं होतं, तरी तुझे गठ्ठे वाकडेच." सगळे हसले. आर्वोने वेलचीचा पाव आणला होता, अख्खा. कापून पहिला तुकडा मला.

आनंद व्हायला हवा. होतोय थोडा. पण पास होऊन काय मिळवलं? कँटीनच्या वरची खुर्ची. खाली कांदा परततात त्याचा वास. केबिनमध्ये माझी जुनी शाल आहे, थर्मास आहे, काचेवर हाताने पुसून पुसून झालेला डाग आहे. सोमवारपासून वर्षअखेरपर्यंत पुन्हा केबिनची पाळी मिळाली. मागून घेतली. शेवटची. जिंकले म्हणून निरोप घ्यायला जायचं, असं हे जिंकणं.

६ डिसेंबर

स्वातंत्र्यदिन. आईकडे गेले. गेल्या वेळच्या कॉफीचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. टीव्हीवर राष्ट्राध्यक्षांकडची मेजवानी, आई एकेकीच्या झग्याला नावं ठेवत होती. सहा वाजता खिडकीत मेणबत्त्या लावल्या, तिच्याच हाताने.

"पास झालीस म्हणे."

"झाले."

"बघ. पट्टी नसली म्हणून काही अडलं का?"

ताटलीतला पाव तिच्या अंगावर फेकावासा वाटला. फेकला नाही. म्हातारी झालीय, आणि तिच्या डोळ्यांपुढच्या त्या तळ्यात मी रोज मरतेय. किती वर्षं मरत असेन तिथे, देव जाणे.

घरी येताना अंगणापलीकडे शेजारच्या हिल्काच्या खिडकीत पाहिलं. चार मेणबत्त्या! जन्मभर या देशात राहिली बाई, एवढं माहीत नाही? आज खिडकीत दोन लावतात. दोनच. आमच्या आजीच्या आजीपासून दोन. हिला काय, नुकती पेन्शन वाढलीय, उजेड दाखवायला हवा. उद्या जिन्यात भेटली तर सुनावते. आणि डोकंही दुखतंय, त्यात हिची उधळपट्टी! चार!

८ डिसेंबर

केबिन. ढगाळ, सावली नाही. झापड नाही, काही नाही.

खाली दोन हूक. दोन्ही ठळक. फळ्यांचा गठ्ठा अधांतरी. त्याखाली दोन आर्वो. दोघांनीही हात खाली केला — सोड.

लिव्हरवरचा हात काढला. क्रेन थांबवायचं लाल बटण दाबलं.

हिल्काने दोनच लावल्या होत्या.